डान डान नूडल्स : सिच्वानची तिखट आणि झिणझिणीत गाडी



इंजिनिअरिंगची चार वर्षं आम्ही गाडीवरच्या 'शेजवान' नूडल्सवर काढली. इथे अमेरिकेत आल्यावर खरा सिच्वान पदार्थ खाल्ला आणि कळलं, की नाव तेच पण मामला वेगळा! म्हणून ही थोडी माहिती.

नाव कसं पडलं? : चीनच्या सिच्वान प्रांतात फेरीवाले खांद्यावर कावड घेऊन नूडल्स विकत. त्या कावडीच्या दांडीवरून 'डान डान' हे नाव आलं. एका टोकाला शेगडी आणि पातेलं, दुसऱ्या टोकाला वाट्या आणि मसाले.

काय असतं? : गव्हाच्या बारीक नूडल्स, मिरचीचं तेल, सोया सॉस, व्हिनेगर, यीबिन भागातलं मोहरीच्या देठांचं खारवलेलं लोणचं, कांद्याची पात आणि परतलेला डुकराचा खिमा. कुठे तिळाची पेस्ट, कुठे शेंगदाण्याचा कूट. मूळ प्रकारात रस्सा अगदी थोडा. जपानमधला रस्सेदार 'तानतानमेन' हा सिच्वानहून तिकडे गेलेल्या चेन केनमिन यांनी रुजवला. त्यांनी 1958 मध्ये टोकियोत उपाहारगृह काढलं होतं.

झिणझिण्या कशाच्या? : मिरचीच्या नव्हेत, सिच्वान मिरीच्या. तिच्यातल्या 'सॅनशूल' या द्रव्याने जीभ बधिर होते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी 2013 मध्ये मोजलं, तर ओठांवरची ही थरथर सेकंदाला सुमारे 50 वेळा भरली! लिंबूवर्गीय झाडांवरच्या रोगाच्या भीतीने अमेरिकेत 1968 पासून या मिरीच्या आयातीवर बंदी होती. ती 2005 मध्ये, मिरी उष्णतेची प्रक्रिया करून आणण्याच्या अटीवर उठली.

गंमत म्हणजे, आई इथे आली असताना आम्ही ही मिरी भाजत होतो. वास आला तशी ती म्हणाली, "अरे, हे तर तिरफळ!" शोधलं तर खरंच, आपल्या बांगड्याच्या तिखल्यातलं तिरफळ आणि ही मिरी एकाच कुळातली. दोन्हींत बी टाकून साल वापरतात.

शाकाहारी मंडळींनो, जपा : एकदा आम्ही "नो मीट" सांगूनही बाबांच्या वाटीत खिमा निघाला. बाबा काही बोलले नाहीत, नुसते उठले. आम्हाला फार लागलं. तेव्हा खिमा, डुकराची चरबी आणि मटणाचं पाणी, तिन्ही नको असं वेगवेगळं सांगा. मुलांना शेंगदाणा किंवा तिळाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी विचाराच.

घरी करताना (एका वाटीला) : सोया सॉस 1 मोठा चमचा, मिरचीचं तेल 2 मोठे चमचे, भाजलेल्या तिळाची पेस्ट 1 मोठा चमचा, व्हिनेगर 1 छोटा चमचा, भाजून कुटलेली सिच्वान मिरी पाव छोटा चमचा. वर उकडलेल्या नूडल्स आणि खिम्याऐवजी बारीक चिरून कोरडे परतलेले मश्रूम. खाली वरून नीट कालवून गरम गरम खा.

बाबांनी घरची वाटी पुसून खाल्ली, हे सांगायला नकोच!