पहिल्याच चार्जिंगला हरवणारे लिथियम

धडगावच्या डोंगरांतील पाड्यांवर बांबूच्या कुडाला शेणामातीचा लेप देतात. लेप वाळला की भिंत टिकते. कूडच हलू लागला, तर भेगा पडतात आणि पुन्हा लिंपावे लागते. आजच्या धाग्यात हे चित्र मनात ठेवावे.

लिथियम-आयन बॅटरी पहिल्यांदा चार्ज होते तेव्हा ऋणाग्रावर विद्रावाचे विघटन होऊन असाच एक सूक्ष्म थर बसतो. इमॅन्युएल पेलेड यांनी १९७९ मध्ये त्याची संकल्पना मांडली. थर हवाच, कारण पुढील विघटन तोच थोपवतो. मात्र त्यात अडकलेले लिथियम परत मिळत नाही. ग्रॅफाइटमध्ये ही पहिली घट साधारणतः ५ ते १० टक्के असते, आणि पुढे ती जवळजवळ थांबते.

सिलिकॉनचे तसे नाही. १९७६ साली जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेतील शर्मा आणि सीफर्थ यांनी लिथियम-सिलिकॉन संयुगांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तोही उच्च तापमानाच्या घटांसाठी. ग्रॅफाइट प्रतिग्रॅम ३७२ मिलीअँपिअर-तास साठवते, सिलिकॉन सुमारे ३,६००. आकडा भुरळ घालणारा खराच! परंतु लिथियम सामावताना सिलिकॉन फुगून जवळजवळ चौपट होतो. थर तडकतो, नवा पृष्ठभाग उघडा पडतो, नव्या लेपासाठी पुन्हा लिथियम खर्ची पडते. हे लिथियम येते धनाग्रातून. ते संपत गेले की तिथला महागडा निकेल-कोबाल्ट नुसता पडून राहतो.

२००८ मध्ये स्टॅनफर्डच्या यी कुई यांच्या गटाने सिलिकॉनच्या नॅनोतारा वापरल्या. तारांना फुगायला जागा मिळाली, त्या तुटेनाशा झाल्या. या शोधाचे कौतुक सर्वत्र वाचायला मिळते; माझ्या मते त्याची किंमतही सांगायला हवी. पदार्थ जितका बारीक, तितका पृष्ठभाग मोठा आणि पहिला लेप तितकाच खर्चिक.

म्हणून उपाय दोन दिशांनी शोधले गेले. एक, विद्रावात फ्लुओरोइथिलीन कार्बोनेट मिसळून थर अधिक चिवट करणे. दुसरा, घट बंद करण्याआधीच ऋणाग्राला जादा लिथियम पाजणे, म्हणजे पहिल्या लेपाची उधारी आधीच फेडणे. युक्ती साधी वाटते. पण लिथियमची भुकटी दमट हवेत लगेच बिघडते, त्यामुळे कारखान्यात अत्यंत कोरड्या हवेच्या खोल्या लागतात. बाजारातील सिलिकॉनयुक्त बॅटऱ्यांत म्हणूनच सिलिकॉन बहुधा थोडाच असतो, ग्रॅफाइटच्या सोबतीला.