वर्गणी, जाहिरात आणि व्ही. पी.

संकेतस्थळाला पैसा मुख्यतः तीन वाटांनी मिळतो : वाचकाची वर्गणी, जागेसाठी जाहिरातदाराने मोजलेले दाम आणि मजकुरामुळे झालेल्या विक्रीवरील दलाली. यांपैकी पहिल्या दोन वाटा मराठी नियतकालिकांच्या जुन्या परिचयाच्या आहेत; तिसरीचे मूळ मात्र टपाल खात्याच्या इतिहासात शोधावे लागते.

बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाले आणि १८४० मध्ये बंद पडले. त्या काळी बाहेरगावच्या वाचकापर्यंत अंक पोहोचविणे आणि त्याच्याकडून वर्गणी वसूल करणे, ही दोन्ही कामे जिकिरीची होती. हे चित्र पालटण्यास कारणीभूत ठरलेल्या सोयी पुढे चार वर्षांच्या आत एकामागून एक आल्या. १८७७ मध्ये व्ही. पी., म्हणजे पोस्टमनने किंमत घेऊन मगच पुडके हाती देण्याची पद्धत, सुरू झाली. १८७८ मध्ये दौंड–मनमाड लोहमार्ग खुला होऊन दौंड हे जंक्शन बनले. १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आणि १८८० मध्ये टपालाची मनिऑर्डर आली. ४ जानेवारी १८८१ रोजी पुण्यात ‘केसरी’चा पहिला अंक निघाला, तो ही सारी व्यवस्था उभी राहिल्यानंतर. आगगाडी नसलेल्या, घोड नदीकाठच्या शिरूरला टपाल रस्त्यानेच येई. तरीही तेथील वाचकाला जाहिरातीतले औषध पोस्टकार्ड लिहून मागविता येई आणि पैसे दारात चुकते करता येत; तिसऱ्या वाटेचे मूळ ते हेच.

जाहिरात आणि मजकूर यांतील सीमारेषाही पुढे पुसट झाली. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याने १९२० मध्ये काढलेली ‘किर्लोस्कर खबर’ ही मालाच्या प्रचारासाठी जन्मली आणि कालांतराने ‘किर्लोस्कर’ हे स्वतंत्र मासिक झाली. आज कंपन्या स्वतःची वाचनीय संकेतस्थळे चालवितात, त्यामागचा हिशेब हाच आहे.

२००३ मध्ये गूगलने ‘ॲडसेन्स’ ही सेवा आणल्यावर छोट्या संकेतस्थळांनाही जाहिरातदार शोधत हिंडण्याची गरज उरली नाही, तर २०१६ पासून यूपीआयने मनिऑर्डरची जागा घेऊन किरकोळ वर्गणीही वसूल करण्याजोगी केली. जोखमीची वाटणी मात्र उलटली. गिऱ्हाइकाने नाकारलेली व्ही. पी. परत आली, तर भुर्दंड व्यापाऱ्याला बसे आणि वृत्तपत्राचा जागेचा दर तेवढाच राही. आता दलालीच्या व्यवहारात खरेदी झाली नाही, तर जागा देणाऱ्या संकेतस्थळाच्या पदरी काहीच पडत नाही.