शहाजीराजे, माहुली आणि एक लपवलेला निजाम

मढला उतरलं की चहूकडे किल्लेच किल्ले. सिंदोळा अगदी जवळ, खिरेश्वरच्या अंगाला हरिश्चंद्रगड, दक्षिणेला हडसर, चावंड आणि नाणेघाटावर डोळा ठेवून बसलेला जीवधन. आजची गोष्ट या किल्ल्यांची आणि एका पोराची.

१६३३ मध्ये मोगलांनी दौलताबाद घेतलं, तिथला निजाम कैद झाला. त्याच सुमारास शहाजीराजांनी जीवधनावर कैदेत असलेला निजामशाही घराण्यातला मूर्तझा बाहेर काढला आणि पेमगिरीवर गादीवर बसवला. कारभार राजांचा, नाव मुलाचं. म्हणजे पोरगं शत्रूच्या हाती लागलं की राज्य संपलं!

आता गंमत बघा, शोधणारे कोण? एक मोगल, ज्यांच्या चाकरीत राजे नुकतेच राहून आले होते. दुसरा आदिलशाही सरदार रणदुल्लाखान. दख्खनचाच माणूस, तेच घाट, तीच घोडदळाची लढाई. त्यांच्यापासून लपवायचं म्हणजे स्वतःपासूनच लपवणं. ‘हे त्याला सुचणार नाही’ अशी जागाच उरत नाही.

आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना हे कोडं ओळखीचं आहे. दोघंही सारखेच हुशार असतील तर हुशारीचा फायदा शून्य. मग लपवणाऱ्याने जागा चिठ्ठी टाकून निवडायची. दहा जागा असतील तर सापडण्याची शक्यता दहात एक. इथे डोकं नाही, जागांची संख्या कामाला येते. आणि राजांकडे जागा भरपूर होत्या. जुन्नर, त्र्यंबक, हरिश्चंद्रगड, जीवधन, चावंड, हडसर...

पण समोरच्यालाही हेच गणित येतं ना! १६३६ च्या मे महिन्यात शहाजहान आणि आदिलशहाचा तह झाला. त्यात अट अशी, की शहाजी जुन्नर, त्र्यंबक वगैरे किल्ले मोगलांना देत नाही तोवर विजापूरने त्याला चाकरीत घ्यायचं नाही. मोगलांना मुलूख हवा होता हे खरंच, पण मला यात दुसरंही दिसतं. पोर शोधत बसू नका, लपायच्या जागाच काढून घ्या.

तसंच झालं. खानजमान जुन्नरवर आला, राजे घाट उतरून कोकणात गेले आणि शेवटी शहापूरजवळच्या माहुलीत अडकले. आता जागा एकच. खाली खानजमान आणि रणदुल्लाखान, दोघांचा वेढा. ऑक्टोबरमध्ये किल्ले गेले, मूर्तझाही मोगलांच्या हवाली झाला. त्याची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत.

राजे आदिलशाहीत गेले. पुढे दोनच वर्षांत कर्नाटकच्या मोहिमेवर निघाले, ते याच रणदुल्लाखानाबरोबर.