शिलाईविना टुटू : एका जाळीचा इतिहास

#थ्रेड #इतिहास

१/११
टुटू म्हणजे बॅले नर्तिकेचा फुललेला, झिरझिरीत घागरा. लहान मुलीच्या मापाचा टुटू सुईचा एकही टाका न घालता घरी करता येतो. हे शक्य होते ते ट्यूल या जाळीदार कापडाच्या एका गुणामुळे : त्याची कापलेली कड उसवत नाही. या जाळीच्या इतिहासात एक विलक्षण यंत्र आहे, सात जणांची फाशी आहे आणि रंगमंचावर होरपळलेली वीस वर्षांची एक नर्तकी आहे.

२/११
आधी कृती पाहू. कमरेच्या मापापेक्षा थोडे आखूड इलॅस्टिक घेऊन त्याची टोके गाठीने बांधावीत. ट्यूलच्या साधारण १५ सें.मी. रुंद पट्ट्या कापाव्यात. लांबी घागऱ्याच्या उंचीच्या दुपटीहून किंचित जास्त. पट्टी मधोमध दुमडावी, दुमडीचा फास इलॅस्टिकखालून वर काढावा आणि पट्टीची दोन्ही टोके त्या फासातून ओढून घ्यावीत. चार-पाच वर्षांच्या मुलीसाठी अशा पन्नास-साठ पट्ट्या दाटीने बसवल्या की टुटू तयार.

३/११
मलमलीच्या पट्ट्यांचा असा टुटू केला तर थोड्याच वेळात कडांचे धागे निघू लागतील. साध्या विणीत उभे आणि आडवे धागे एकमेकांवरून केवळ जातात; कड कापली की ते मोकळे होतात. ट्यूलमध्ये धागे एकमेकांना पीळ देऊन षटकोनी छिद्रे तयार होतात. कात्री कुठेही चालवली तरी उरलेला पीळ धाग्यांना धरून ठेवतो. म्हणूनच कड दुमडून शिवावी लागत नाही.

४/११
या कापडाला नाव मिळाले ते फ्रान्समधील ट्यूल या गावावरून. उत्तम जाळी पूर्वी हातानेच होत असे. उशीवर टाचण्या रोवून, छोट्या लाकडी रिळांवरचे धागे एकमेकांभोवती फिरवत स्त्रिया ती विणत. काम इतके संथ, की जाळी श्रीमंतांच्याच अंगावर दिसे. हे हातांचे फिरणे यंत्राला शिकवण्याचा ध्यास इंग्लंडमधील जॉन हीथकोट (जन्म १७८३) या तरुण कारागिराने घेतला.

५/११
१८०८ आणि १८०९ साली त्याने आपल्या यंत्रांची पेटंटे घेतली. त्याची युक्ती अशी : रीळ चकतीसारखे इतके पातळ करायचे, की ते ताणलेल्या दोन उभ्या धाग्यांमधून सहज पार होईल आणि धाग्याला वेढा घालून परत येईल. सॅम्युअल स्माइल्सने ‘सेल्फ-हेल्प’मध्ये नोंदवल्याप्रमाणे, सुमारे २५ वर्षांत या जाळीचा भाव चौरस यार्डाला ५ पौंडांवरून जवळपास ५ पेन्सवर उतरला.

६/११
स्वस्ताईची किंमत आधी कारागिरांनी मोजली. २८ जून १८१६ च्या रात्री लफबरो येथील हीथकोटच्या कारखान्यावर लडाइटांनी हल्ला केला, पन्नासहून अधिक यंत्रे फोडली आणि एका पहारेकऱ्याला गोळी घातली. लडाइटांना आपण सरसकट यंत्रद्वेष्टे म्हणतो. प्रत्यक्षात त्यांच्यातील अनेक जण स्वतः यंत्रांवर राबणारे कुशल कारागीर होते आणि त्यांचे भांडण घटत्या मजुरीशी होते. जेम्स टॉलला त्याच वर्षी नोव्हेंबरात फाशी झाली. एप्रिल १८१७ मध्ये आणखी सहा जणांना.

७/११
हीथकोट लफबरो सोडून डेव्हन परगण्यातील टिव्हर्टनला गेला. त्याच्या मागोमाग अनेक कामगारही दूरची वाट तुडवून तिथे पोहोचले. कारखाना भरभराटला आणि १८३२ साली हीथकोट टिव्हर्टनचा खासदार म्हणून निवडून आला. त्याच वर्षी पॅरिसमध्ये झिरझिरीत वस्त्राने रंगभूमीचे रूप पालटले.

८/११
१२ मार्च १८३२ रोजी पॅरिस ऑपेरात ‘ला सिल्फीद’ हा बॅले प्रथम सादर झाला. मारी तालियोनी वायुलोकातील परी झाली होती. पोटरीपर्यंत येणारा, घंटेच्या आकाराचा, पांढरा, अनेक थरांचा घागरा आणि त्यावर गॅसच्या दिव्यांचा मंद उजेड. नर्तकी जमिनीला जेमतेम टेकते, असा भास निर्माण झाला. टुटूचा वंश इथून सुरू होतो. मलमल, टार्लटन, ट्यूल अशी तलम कापडे पुढे बॅलेची ओळखच झाली.

९/११
परंतु ज्या उजेडात हा भास फुलत होता, तो उघड्या ज्योतींचा होता. तलम कापडाच्या थराथरांत हवा खेळती असते. ठिणगी पडताच ते भडकते. लंडनमध्ये क्लॅरा वेब्स्टर १८४४ साली अशीच भाजून मेली. १८५९ मध्ये फ्रान्समध्ये रंगभूमीवरील कपडे ज्योतरोधक द्रावणात बुडवण्याचा हुकूम निघाला. मात्र त्या द्रावणाने कापड ताठर आणि पिवळट होई.

१०/११
तालियोनीची शिष्या एमा लिव्री हिने असे कपडे घालण्यास लेखी नकार दिला. १५ नोव्हेंबर १८६२ रोजी तालमीच्या वेळी गॅसच्या ज्योतीने तिचा घागरा पेटला. आठ महिने यातना सोसून २६ जुलै १८६३ रोजी ती गेली. तिला हट्टी ठरवणे सोपे आहे. पण ज्या व्यवसायात नर्तकीचे मोल तिच्या तरंगण्यावर ठरते, तिथे ताठर घागरा म्हणजे कला गमावणे होते. हुकूम काढणाऱ्यांनी सुरक्षिततेचा भार तिच्या निवडीवर सोडला आणि ज्योती होत्या तिथेच राहिल्या.

११/११
त्या जळक्या वस्त्राचे अवशेष पॅरिस ऑपेराच्या ग्रंथालय-संग्रहालयात जपलेले आहेत. आज बाजारात मिळणारे ट्यूल बहुधा नायलॉनचे किंवा पॉलिएस्टरचे असते आणि वेगळ्या यंत्रांवर विणले जाते; कड मात्र त्याचीही उसवत नाही. हे कापड पेटू शकते, वितळते आणि वितळून कातडीला चिकटते. म्हणून घरी टुटू केलात, तर शेवटची पायरी विसरू नका : तो घातलेल्या मुलीला पणती, समई आणि मेणबत्तीपासून दूर ठेवा. दिवा हलवणे मोठ्यांचे काम आहे.

(समाप्त)