खिरीचा सण

ज्वारी भरली की पाखरं राखायला शेतात माळा घालतात, तो आपण पाहिलेला आहे. ज्यू लोक सुगीच्या सणाला साधारण तसाच मांडव घालतात. सणाचं नाव सुक्कोत. तो भाद्रपद-आश्विनात येतो. सात दिवस मांडवात जेवायचं. वर पाल्याचं छप्पर, तेही इतकं विरळ की रात्री चांदण्या दिसाव्यात. मिसर देशाच्या गुलामीतून सुटलेले पूर्वज 40 वर्षं रानात पालं ठोकून राहिले, त्याची ही आठवण.

हे लोक काही परके नाहीत. कोकणात, रायगडकडे, ज्यू कित्येक पिढ्या राहिले. त्यांना बेने इस्राएल म्हणतात. घरची भाषा मराठी, आडनावं पेणकर, दिवेकर, नवगावकर. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, त्यातून वाचलेल्यांचे आपण वंशज, असं ते सांगतात. धंदा तेलाचा. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे.

पोथ्या जवळ नव्हत्या. त्यामुळे मांडवाचा रिवाज विसरला गेला. पण त्याच दिवसांत नव्या धान्याची, नारळाच्या रसातली गोड खीर घरोघरी होई. धूप जाळून 'शेमा' ही प्रार्थना म्हणायची, मग खीर खायची. हाच खिरीचा सण. त्यांच्यातले हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी 1897 साली समाजाचा इतिहास लिहिला, त्यात याची नोंद आहे. काही अभ्यासक याला सुक्कोतचाच उरलेला धागा मानतात. शेजारच्या शेतकऱ्यांचं पाहूनही खीर आली असेल. मला दोन्ही खरं वाटतं.

नावंच बघा ना. मंदिर पाडलं गेलं त्याच्या दुखवट्याचा दिवस, तो बिरड्याचा सण, कारण त्या दिवशी वालाचं बिरडं! अशी नावं पोथीत नसतात, ती चुलीपाशी पडतात. इतिहासात मात्र त्या चुलीपाशी बसणारीचं नाव सापडत नाही.

पुढे 1796 मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं. कोचीनचे शिकलेले ज्यू धर्म शिकवायला येऊ लागले, आणि मांडवही परत आला. 1948 नंतर बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. जी इथे राहिली, त्यांचा मांडव आता सिनेगॉगच्या अंगणात उभा राहतो.

सातपुड्यातल्या आपल्या पावरा बहिणी नवाई करतात, तेव्हा नव्या धान्याचं पहिलं काय शिजतं? पुढच्या बैठकीत त्यांनाच सांगू द्या, आणि सांगणारीच्या नावासकट वहीत लिहून ठेवा.