कमी करायचं, पण काय?

पृथ्वी वाचवायची तर उत्पादन आणि उपभोग घटवा, असं आज जगभर बोललं जातं. हे दारव्ह्यात सांगितलं तर कुणीही विचारेल, "आमच्याकडे असं वाढलं तरी काय?" इतिहासाचं उत्तर आहे: कापूस.

1853मध्ये निजामाचा वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात गेला. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर पडली. कपाशी पसरत गेली. 1899-1900च्या दुष्काळात मात्र याच श्रीमंत समजल्या जाणाऱ्या प्रांतात माणसं अन्नावाचून मेली.

हा कापूस वाहायला रेल्वे आली. यवतमाळहून दारव्ह्यावरून मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला ही किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीची अरुंद रुळांची गाडी. मूर्तिजापूरहून माल मुंबईच्या बंदराकडे जाई. पुढे कापूस ट्रकमध्ये चढला आणि गाडीत उरली बाजाराला, कचेरीला, लेकीकडे निघालेली माणसं. 1994पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. आता ती बंद आहे.

याच विदर्भात, वर्ध्याच्या मगनवाडीत, जे. सी. कुमारप्पा ग्रामोद्योगांचं काम करत होते. 1945 साली त्यांचं 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' आलं. त्यांचा हिशेब सोपा होता: कोळसा, तेल हा साठा, उपसला की संपतो. रान आणि शेत हा प्रवाह, जपला तर दरवर्षी देतो.

या हिशेबाने दारव्ह्याकडे पाहा. ज्वारी घटली, तिच्यासोबत कडबा घटला, गुरं घटली. गाडी थांबली. वाढलं ते विकतचं बियाणं, खत आणि औषध. 2002मध्ये बीटी कापूस आला तो फवारणी कमी होईल म्हणून. 2017मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले.

म्हणजे कपात इथे झालेलीच आहे, फक्त प्रवाहाची. साठ्याचा उपसा चालूच आहे.

सेलमधला पाचवा टी-शर्ट आपण घेतला नाही, तर ते योग्यच. पण सगळ्यांनीच तसं केलं, तर कापसाचा भाव दारव्ह्यात पडेल आणि कर्ज तिथल्या सातबाऱ्यावर तसंच राहील. म्हणून उपभोग घटवा म्हणणाऱ्याने ज्वारी-तुरीची खात्रीची खरेदी आणि शकुंतलेचे रूळही त्याच दमात मागायला हवेत.