नावाचा आय-सेव्हन

कमी पैशांत गेमिंग कॉम्प्युटर हवा असेल तर जुना आय-सेव्हन घ्यावा, हे मत मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या दुकानांपासून कॉलेजच्या कट्ट्यापर्यंत सर्रास ऐकू येते. ते मांडणाऱ्यांची बाजू आधी नीट ऐकू. इंटेलच्या श्रेणीत आय-सेव्हन वरचा, आय-थ्री खालचा. आय७-२६०० मध्ये चार कोअर, आठ थ्रेड. सोळा जीबी रॅम आणि चार जीबीचे ग्राफिक्स कार्ड जोडले की नव्यापेक्षा बऱ्याच कमी पैशांत मशीन उभे राहते. पुढे पैसे आले की एकेक भाग बदलावा. शिवाय जीटीए ५ त्यावर चालतो.

शेवटचा मुद्दा मान्य. २०१५ साली पीसीवर आलेल्या त्या गेमसाठी निर्मात्यांनी तिसऱ्या पिढीच्या आय-फाइव्हचीच शिफारस केली होती. पण त्या काळचा गेम त्या काळच्या यंत्रावर चालतो, यातून आजच्या गेमविषयी काय सिद्ध होते?

आता श्रेणी. आय७-२६०० आला जानेवारी २०११ मध्ये, आय३-१२१०० जानेवारी २०२२ मध्ये. दोघांतही कोअर चार, थ्रेड आठ. ज्या आकड्याच्या जोरावर जुन्याचा मोठेपणा सांगितला जातो, तो नव्याकडेही तेवढाच आहे. खरा फरक एकेका कोअरच्या वेगात आहे आणि तिथे नवा आय-थ्री जवळजवळ दुप्पट भरतो, तोही कमी वीज घेऊन. वरची-खालची श्रेणी एकाच पिढीतल्या प्रोसेसरांची असते. अकरा वर्षांचे अंतर ती भरून काढत नाही.

‘चार जीबी ग्राफिक्स’ हा तर याहून कच्चा दुवा. अशा मशीनमध्ये बहुधा जीटी ७३० असते. तिची डीडीआर३ मेमरी, प्रकारानुसार, सेकंदाला साधारण १४ ते २९ जीबी माहिती हलवते. जीडीडीआर५ मेमरीच्या जीटीएक्स १६५० मध्येही चार जीबीच आहेत, पण ती हलवते १२८. टाकी तेवढीच, नळ मात्र कितीतरी मोठा! त्यात जीटी ७३० साठी नव्या गेमला जुळवून घेणारे ड्रायव्हर २०२१ नंतर आलेले नाहीत. मग त्या चार जीबींचे करायचे काय?

राहिला ‘पुढे वाढवू’ हा दिलासा. २६०० च्या सॉकेटवर दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीचेच प्रोसेसर बसतात. डीडीआर३ रॅम आजच्या बोर्डावर चालत नाही. म्हणजे वाढवायची वेळ येईल तेव्हा बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम तिन्ही एकदम बदलावे लागतील. याला वाढवणे म्हणत नाहीत, पुन्हा खरेदी म्हणतात.

आणि प्रश्न केवळ सुट्या भागांचा नाही, विंडोजचाही आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलची किमान आठवी पिढी लागते. काही जण तपासणी चुकवून ते जुन्या मशीनवर बसवतात, हे खरे. पण विंडोज ११ वर व्हॅलोरंटसारखा गेम स्वतःच टीपीएम २.० मागतो. ज्या गेमसाठी मुलगा हट्ट धरून बसला, तोच उघडला नाही, तर बचत कसली?

याचा अर्थ जुने घेऊच नये असा मुळीच नाही. सर्वांनाच नवे परवडत नाही, आणि चांगले जुने मशीन कित्येकांच्या हाती पहिल्यांदा खरा गेमिंग पीसी देते. २०१७ चा आय५-८४०० घ्या: सहा कोअर, डीडीआर४ रॅम, विंडोज ११ ची अधिकृत मान्यता. त्याला वापरलेली जीटीएक्स १६५० जोडा आणि वीज पुरवणारा एसएमपीएस मात्र नवा, बऱ्या कंपनीचा घ्या. नावाने हा आय-फाइव्ह आहे. कामात तो २६०० ला मागे टाकतो.

निवाडा वाचकांनीच करावा. पैसे देण्याआधी दुकानदाराला टास्क मॅनेजर उघडायला सांगा आणि प्रोसेसरचे पूर्ण नाव वाचा. डॅशनंतर चार आकडे असतील तर पहिला आकडा म्हणजे पिढी, पाच असतील तर पहिले दोन. पिढी आठच्या खाली असेल, तर कॅबिनेटवरचे स्टिकर काहीही म्हणो, ते मशीन गेमिंगसाठी घेऊ नका.